कोणतं साल

कोर्टाचं पत्र आलं: न्यायाधीश स्वतः घरी येतील.
माणसाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय
त्याच्या सहीच्या जागी दुसऱ्याची सही बसत नाही.
सकाळी मी बाबांची दाढी केली.
हनुवटीखाली जरासं कापलं.
झुल्मिरा, हात हलका ठेव, ते म्हणाले.
झुल्मिरा त्यांची बहीण. मी ओतीलिया.
मी हात हलका ठेवला.

नऊ महिने कागद गोळा करतेय.
डॉक्टरचा दाखला, जन्माचा दाखला,
लक्झेंबर्गहून भावाची संमती.
खरंच एवढं झालंय का, त्याने फोनवर विचारलं.
तो दर रविवारी दहा मिनिटं बोलतो,
आणि ती दहा मिनिटं बाबा अगदी शाबूत असतात.
बँकेच्या खिडकीत माझ्या वर्गातल्या आरमिंदाची लेक,
मान खाली घालून म्हणते, मावशी, नाही देता येत.
पेन्शन आत, औषधं बाहेर,
मध्ये चार आकडे, जे एकाच डोक्यात होते.

आणि ते करार.
मार्चमध्ये एकाला, एप्रिलमध्ये दुसऱ्याला
टेकडीवरच्या त्याच झाडांचं बूच विकून बसले.
दोन्ही कागदांवर सही त्यांचीच.
भाव मात्र दोन्ही वेळा चोख लावलेला.

न्यायाधीशबाई तरुण निघाल्या.
बरोबर मांडीवर लॅपटॉप घेतलेला कारकून
आणि एक सरकारी वकील, कुत्र्याला घाबरणारा.
सेन्योर बेलमीरो, घरात पाव कोण आणतं?
बायको, ते म्हणाले.
आईला जाऊन सहा वर्षं झाली. कारकुनाने टाइप केलं.
आता कोणतं साल चालू आहे?

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.
अंगणापलीकडच्या बुंध्यावर
पांढऱ्या रंगातला आकडा, त्यांच्याच हातचा.
सात, ते म्हणाले.
मी डोळे मिटले.
मग म्हणाले, त्या झाडाचं सात.
विहिरीपाशी आहे त्याचं शून्य.
तुम्ही कुठल्या झाडाचं विचारताय?

कारकुनाची बोटं थांबली.
बाईंनी खुर्ची पुढे ओढली. शहरातल्या असाव्यात.
म्हणजे काय हो?
आणि माझा बाप, ज्याला शर्टाचं बटण सापडत नाही,
सांगू लागला:
साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा घालायचा.
मग नऊ वर्षं हात लावायचा नाही.
कुऱ्हाड मारायची नाही, टाकायची. आणि ऐकायचं.
आवाज बदलला की थांबायचं.
आत आणखी एक साल असते, तिला आम्ही आई म्हणतो.
तिला लागलं की झाड संपलं.
उभं राहील दोन-चार वर्षं. पण संपलं.

मग त्यांनी विचारलं, या बाई कोण?
आम्हा दोघींपैकी कुणाबद्दल, ते कळलं नाही.

निकाल आठ आठवड्यांनी आला.
पूर्वी कायदा अशा माणसाला
मनाई झालेला म्हणायचा.
आता म्हणतो, सोबत असलेला. मी सोबती.
बँक, पेन्शन, करार: सोबतीच्या सहीने.
मत देणं, मृत्युपत्र, लग्न: त्यांचं त्यांच्याकडे.
हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.
लग्नाला ते हसले.

जुलैत माणसं आली, एकाच व्यापाऱ्याची.
कागदावर पहिल्यांदा माझं नाव.
बाबांना सावलीत खुर्ची दिली.
दिवसभर ते डोळे मिटून कुऱ्हाडी ऐकत होते,
एकदा मध्येच ओरडले, थांब!
आणि पोरगा थांबला.

संध्याकाळी उघड्या, तांबड्या बुंध्यापाशी
मुकादमाने त्यांच्या हातात ब्रश दिला.
कोणता आकडा? त्यांनी मला विचारलं.
सहा, मी म्हणाले.
त्यांनी ब्रश डब्याच्या काठाला निथळला,
माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं,
आणि मुकादमाकडे वळून हळूच विचारलं,
सहाच ना?