पाहुण्यांचा आकडा

धनपाल हेडाऊंच्या कूलरच्या दुकानाची साईट
मी केली दोन हजार चारच्या एप्रिलात,
गोळीबार चौकातल्या कॅफेत, तासाला वीस रुपयांच्या मशीनवर,
वारा कमी आणि आवाज जास्त देणाऱ्या पंख्याखाली.
वर सरकती पट्टी : खसच्या ताट्या, टिल्लू पंप, जाळ्या, दुरुस्ती.
कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन'.
आणि तळाशी, त्यांच्याच हट्टानं,
काळ्या चौकटीत हिरवे आकडे :
आपण आमचे ००००४१ वे पाहुणे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून ते यायचे,
हातांना खसाचा ओला वास,
खुर्ची दिली तरी उभेच.
"मॅडम, आज किती जन येऊन गेले जी?"

वीस मी आधीच वाढवून ठेवलेले असायचे.
पान उघडायचं, मिटायचं, उघडायचं.
सेहेचाळीस डिग्रीतून चालत आलेल्या माणसाला
शून्य कसं दाखवणार?

पुढे दर दोन-तीन वर्षांनी
दूर कुठेतरी बसलेलं कोणी
आपल्याला न विचारता कुलपं बदलत गेलं.
फाँट गेला,
खसच्या ताट्यांच्या जागी चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह.
एका दिवाळीच्या सुट्टीत सगळं युनिकोडात पुन्हा टाइप केलं.
नकाशावरची पिन पडली नाल्यापलीकडे, दातांच्या दवाखान्यावर;
अख्खा मे महिना डॉक्टर ढोबळे
सुजलेल्या गालांच्या रांगेत शिरलेल्यांना सांगत राहिले,
पंप समोर मिळतो.
कोणीतरी एक तारा दिला : पार्किंग नाही.
पार्किंग कधीच नव्हतं.
मग एके सकाळी पत्त्याच्या पट्टीत,
दुकानाच्या नावाच्या अगदी शेजारी,
शब्द उगवला : असुरक्षित.

ते मोबाईल माझ्यासमोर धरून उभे.
"चाळीस वर्सं लोकायले उधार देल्लं जी मी.
अन् हे मलेच म्हन्ते?"
मी प्रमाणपत्र, कूटलेखन, काय काय समजावलं.
ते म्हणाले, "कुलूपच लावाचं ना? लावा."

फ्लॅशमध्ये केलेला फिरता पंखा,
आठ रात्री जागून पाती जुळवलेला,
एका डिसेंबरअखेर बंद पडला.
जगातले तसले सगळेच पंखे त्या सुमारास बंद पडले.
आमच्या चौकात कोणाला कळलंही नाही.

आता नात बघते, मोनाली.
ताट्या ॲपवरून चंद्रपूरला जातात, पार गोंदियाला जातात,
पैसे गल्ल्यात पडत नाहीत, डब्बा बोलतो : प्राप्त झाले.
रात्री दोनला कोणी विचारलं, मोटर जळली, काय करू,
तर यंत्र उत्तर देतं, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
आजोबा म्हणाले असते,
बटन बंद कर बाप्पा आधी.

मागच्या पौषात ते गेले.
तेराव्यानंतर मोनालीनं एक लाल वही आणून दिली,
"तुमचं नाव आहे यात."

रोजची तारीख. त्यापुढे हिरवा आकडा, निळ्या शाईत उतरवलेला.
त्यापुढे, प्रत्येक ओळीत, न चुकता :
वजा मॅडमचे २०.
मग बाकी.
बाकी ३. बाकी ०. बाकी ०. बाकी १.
एका ओळीत बाकी ७, त्याखाली दोन रेघा,
आणि समासात बारीक अक्षरात : पेढे.

मला आठवला तो दिवस.
मी विचारलं होतं, कशाचे?
म्हणाले होते, "असेच."

काल मोनालीनं स्क्रीन माझ्याकडे वळवला.
या महिन्यात अकरा हजार चारशे भेटी, आलेख नुसता चढता.
"ताई, यातली माणसं किती?"
मी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.
मागे चाचणीला लावलेल्या कूलरमधून
पाणी थेंब थेंब ताटीवर उतरत होतं.
वही उघडीच होती आमच्यामध्ये,
आणि वजा किती लिहायचे
ते मला सांगता येईना.