उरलेल्या पट्ट्या

डोरीनबाई, उद्या सकाळी नऊ सत्तावीसची गाडी आहे,
हेक्सहॅमहून न्यूकॅसल, तिथून पुढे विमानतळ.
सभागृहात आज सगळ्यांचे आभार मानून झाले.
मुख्याध्यापकांचे, देणगीदारांचे,
ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांचेसुद्धा.
तळघरातल्या धुलाईच्या खोलीपर्यंत
ती यादी उतरली नाही.
पायऱ्या सतरा आहेत. मी मोजल्यात.

पंधरा वर्षांची होते. बॅगेत मेतकूट, दोन स्वेटर
आणि शाळेने मागवायला लावलेल्या नावाच्या पट्ट्या, सहा डझन.
'के. हुपरीकर', निळ्या धाग्यात.
मोज्यालाही नाव लागतं हे मला नवीन होतं.
आमच्या इचलकरंजीत गल्लोगल्ली माग खडखडतात,
तागेच्या तागे रोज गावाबाहेर जातात
आणि कुणाच्याही अंगावर चढतात.
कापडाला कसलं आलंय नाव.

तुम्ही त्या दिवशी मला 'पेट' म्हणालात.
मला कळेना, ही बाई मला
चुलीला सांगावं तसं काय सांगतेय.
खरं तर तेव्हा मी ओल्या लाकडासारखी
नुसती धुमसत होते.

सांगायचं होतं ते हे:
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
पांढऱ्या कपड्यांत माझी लाल ओढणी गेली
आणि हॉकीचे अकरा शर्ट गुलाबी झाले.
वॉर्डनबाईंचे बूट जिन्यावर वाजत होते,
मी माफीचं इंग्रजी जुळवत होते,
क्रियापदं हातातून निसटत होती.
तुम्ही ओढणी ॲप्रनच्या खिशात कोंबलीत
आणि म्हणालात, मशीन म्हातारं झालंय,
कधी काय ओकेल, नेम नाही.
रात्री ती माझ्या उशीवर होती,
इस्त्री केलेली, अजून कोमट.
त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.
शर्ट वर्षभर गुलाबीच राहिले. त्यांत हरलो खूप,
एकदा जिंकलोही.

थँक यू म्हणायला इथे शिकले.
उघडं धरलेल्या दारासाठी, पुढे केलेल्या मिठासाठी,
बसमधून उतरताना ड्रायव्हरच्या पाठीला.
आधी विसरायचे, तर मुलींना मी उर्मट वाटले.
मग इतकं अंगवळणी पडलं
की एकदा फोनवर आईलाच म्हणून गेले,
चकल्यांच्या पार्सलबद्दल.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मागे बाबांचा माग तेवढा.
मग ती म्हणाली, मी काय परकी झाले का गं?

इंग्रजीचं बरं असतं. एका 'यू'मध्ये सगळे मावतात,
ड्रायव्हर, देव, वॉर्डन, मांजर.
मराठीत कुणाशी बोलायचं तर आधी ठरवावं लागतं.
तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघून
तीन वर्षं मनातल्या मनात अहोजाहो केलं.
पण आईला कुणी अहो म्हणतं का?
अहो आई तर सासूला म्हणतात.

तर डोरीन,
आज दुपारी तू चहाला वर गेलीस
तेव्हा मी खाली आले होते.
एकोणीस पट्ट्या उरल्या होत्या.
अठरा घरी नेतेय. बाबा अंगठ्याने चाचपतील
आणि विणीत काहीतरी दोष काढतीलच.
एक तुझ्या ॲप्रनच्या खिशात, आतून, शिवलीय.
टाके वाकडे आहेत, बोट दोनदा टोचलं,
पांढरा दोरा सापडेना म्हणून काळा घेतला.
आभार मानत नाहीये. तेवढं तुला समजेल.
तूच सांगायचीस, नाव असलेलं काही
या खोलीत हरवत नाही,
उशिरा का होईना, ज्याचं त्याला पोचतं.

माझे दोन मोजे यायचेत अजून,
वेगवेगळ्या जोडांतले.
घाई नाही.