कारण निवडा

दुपारी अडीचला मोबाईल थरथरतो
भट्टीजवळच्या राखाडलेल्या स्टुलावर.
परताव्याची मागणी. उत्तराला अठ्ठेचाळीस तास.
कारण: वस्तू फुटलेली मिळाली.
खाली फोटो, पिवळ्या फरशीवर चार ठिकऱ्या,
कडेला कुणाच्या तरी पायाची बोटं, नेलपॉलिश लावलेली.

दह्याचं भांडं. दीड लिटर, झाकणासकट.
मीच बांधलेलं: पेंढा, कागद, परत पेंढा,
मग खोका हलवून कान लावला होता.
आवाज नव्हता.

आप्पा हात पुसत आले. चष्मा घरात.
मोबाईल लांब धरला, जवळ धरला,
दोन बोटांनी फोटो ताणला
चाकावर माती ताणतात तसा, बेतानं,
आणि म्हणाले, "हे आपलं न्हवं गे."

कशावरून?

"कड बघ की. आतनं काळी हाय.
कुणीतरी घाईत भाजल्यालं.
आणि बुडाला माझा अंगठा कुठाय?"

भांडं चाकावरून उतरवलं की आप्पा बुडाला अंगठा दाबतात.
सही नव्हे, सवय.
त्यांच्या अंगठ्यावर जुना व्रण आहे, आडवा,
तोही मातीत उतरतो.
इतकी वर्षं मी ती भांडी धुतली, पुसली, विकली,
आणि हे मला आज कळलं.

आता हे लिहायचं कुठे?
रकाने तीन. पॅकिंगचा व्हिडिओ. वजनाची पावती. इतर.
'इतर'मध्ये अडीचशे अक्षरं.
मी लिहिलं, आमच्या भांड्याच्या बुडाला अंगठा असतो.
पुसलं. खुळ्यासारखं वाटलं.
लिहिलं, छायाचित्रातील वस्तू मूळ वस्तूशी जुळत नाही.
हे कुणीही लिहील.

पत्ता खानापूर, राज्य कर्नाटक,
म्हणून फोन कन्नडमधून येतो.
मी दुसऱ्याच वाक्याला अडखळते.
आप्पा फोन काढून घेतात;
दर आठवड्याच्या बाजारात
दोन्ही भाषांत घासाघीस केलेला माणूस.
"इदु नम्दल्ल, अव्वा," ते म्हणतात. "नम्दल्ल."
पलीकडची मुलगी नीट ऐकून घेते,
मग म्हणते, आजोबा, यादीत तसं कारणच नाही.

मार्चमध्ये एक खरंच फुटलं होतं.
साताऱ्याच्या बाईंनी लिहिलं, झाकण शाबूत आहे,
ते ठेवते, अर्धेच पैसे द्या.
मी सगळे दिले. त्या आठवड्यात पेंढा कमी होता,
आणि मी 'एवढ्यानं काय होतंय' म्हटलं होतं,
हे त्यांना नाही, पण मला ठाऊक होतं.
तेव्हा 'स्वीकारा' दाबताना बोट अडलं नाही.

यावेळी दाबावंच लागलं नाही.
निकाल खरेदीदाराच्या बाजूनं.
सहाशे चाळीस वळते, परतीचं भाडं वेगळं,
दुकानाच्या नावाखाली एक तारा कमी.

नवव्या दिवशी शिवलिंगनं खोका आणून टाकला.
"अक्का, खुळखुळतंय," म्हणाला, न विचारता.
मी पैशांच्या हिशेबात होते. मागच्या अंगणातून
उखळाचा आवाज आला तेव्हा धावले.
आप्पा ठिकऱ्या कुटत होते.

आप्पा! पुरावा होता तो!

"कुणाला दावणार?" मुसळ थांबलं नाही.
"भाजणी कच्ची, पण माती वाईट न्हाय."
चाळली, मूठभर नव्या गाऱ्यात घातली.
भाजल्या मातीची पूड असली
की पुढचं भांडं सहसा तडकत नाही.
कुणाची माती, हे गारा विचारत नाही.

मी रागानं दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी फेरविचाराचा अर्ज उघडला.
तेच अडीचशे. पहिलंच वाक्य, अंगठ्याचं. पुसलं नाही.
सोबत फोटो: ओलं बूड, त्यावर आडवा व्रण,
मागे आप्पांचा अर्धा हात,
कारण त्यांना वाटलं हाताचाही काढायचा आहे.

स्थिती: तपासणी सुरू.
आज सकाळपासून तीन वेळा पाहिलं.
आप्पांनी एकदाच विचारलं,
तेही पेंढ्याबद्दल.