म्यूट

तिसरं सत्र. विषय : हवा आणि फुप्फुसं.
कोपरखैरणेत, तळमजल्यावर, खिडकी लावून बसलेय.
रात्रीचा तो वास कंपन्यांच्या बाजूने यायला लागलाय.
कुजक्या कोबीसारखा, असं लिहिलं होतं मागे एकदा;
उपसंपादकाने कोबी काढून टाकला.

पडद्यावर चोवीस चौकोन.
कुणी जळगावचं, कुणी थेट अहेरीचं,
एकाच्या मांडीवर मांजर.
मॅडम सांगतायत :
दोन गोष्टी सोबत घडल्या
म्हणून एकीने दुसरी घडवली असं लिहू नका.
उतरवून घेते. पटतंही.

भिंतीपलीकडे घरमालकिणीच्या नातवाचा
नेब्युलायझर सुरू होतो, घर्र घर्र.
"कुणाकडून तरी आवाज येतोय. प्लीज म्यूट करा."

करते.

मग विचारतात, तुमच्या भागातला डेटा कुणाकडे मिळेल?
मंडळाचं नाव येतं, महापालिकेचं येतं.
मला आठवतं पलीकडच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर :
दुधाच्या हिशेबाशेजारी
हौसाबाई म्हात्रेंनी पेन्सिलीने मारलेल्या फुल्या.
एक फुली, वास आला.
दोन, तर पोरगं उठून बसलं.

हात वर करायचं बटण
कुठे असतं ते शोधतेय.