लाद्यांची वही

साखरीनाट्याच्या बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी एकच आकडा लिहिला:
आज किती लाद्या गेल्या.

मासा लिहिला नाही. तो माझा हिशेब नव्हता.
पण होडीला मासा लागला की लादी जाते,
नाही लागला की साच्यातच राहते,
आणि आमचा मशीनवाला दाऊद
अकरालाच डबा उघडून बसतो.
म्हणजे लिहीत होतो बर्फ,
उमटत होती तारली.

गेल्या डिसेंबरात एक मुलगी आली, अन्विता तोरस्कर.
पहिलाच प्रश्न: जुन्या वह्या जाळल्या नाहीत ना?
नव्हत्या जाळल्या. आळसानं.
दोन वर्षं वाळवीनं खाल्लेली,
त्याचं तिला माझ्यापेक्षा वाईट वाटलं.

तीन दिवस उतरवत बसली.
चौथ्या दिवशी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
निळी रेघ माझी, लाद्यांची.
तांबडी वर चढली की थोड्या महिन्यांनी
माझी खाली बसायची, दमल्यासारखी.
मी विचारलं, ही कुठली? जयगडची? वेंगुर्ल्याची?
म्हणाली, मयेकर काका, ही प्रशांत महासागराची.

मी गोव्यापलीकडे गेलेलो नाही.
तेही दाढ काढायला.

तिथलं पाणी म्हणे तापतं, निवतं,
कधी दोन-चार वर्षांनी,
आणि त्याच्याही खाली एक संथ चढउतार,
वीस-तीस वर्षांचा, अर्ध्या अंशाचा.
अर्धा अंश!
माझ्या थर्मामीटरवर अर्ध्याची रेघच नाही.

ते पाणी इकडे येत नाही.
ढगांची बैठक सरकते, वारा वाट मोडतो,
आणि आपल्या दर्याचं तळचं गार पाणी
वर यायला कुरकुरतं.
म्हटलं, म्हणजे चूल तिकडे, धूर इकडे.
तशीच म्हणा, ती म्हणाली,
पण धूर लगेच येतो. हा उशिरा येतो.
आणि सगळं त्याच्या माथी मारू नका,
पर्ससीनवाल्यांनीही ओरबाडलंय.

मी मात्र त्या एका पानावर अडकलो होतो.
शून्य. शून्य. शून्य. चार. शून्य.
त्या हंगामात खलील सोलकरनं होडी विकली,
आणि बंदरावर सगळ्यांनी मिळून ठरवलं
की नव्या सुनेचा पायगुण.
सगळ्यांनी म्हणजे मीही.
चहाच्या टपरीवर मान हलवली होती, आठवतंय.
मुबीना राजिवड्याला माहेरी गेली ती गेलीच.

तापलं कुठलं पाणी,
जाब कुणाला विचारला.

आता जाऊन सांगू तिला? काय सांगू?
की बाई, तुझ्या पावलांचं काही नव्हतं,
तिकडे पेरू म्हणून एक देश आहे…
ती दार लावून घेईल.
घ्यावंच.

निघताना मी अन्विताला विचारलं,
आत्ता ती तांबडी कुठे निघालीय?
म्हणाली, वळतेय बहुतेक. खात्रीनं सांगायला
दहा वर्षं जातील.
मी साठ ओलांडली, हे तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी वही उघडली. लाद्या: चाळीस.
मग कधी नाही ते
जेटीवरून बादली सोडली, काटा बुडवला,
डोळ्यांजवळ धरून बघितलं.
पारा दोन रेघांच्या मधे.

समासात लिहिलं:
अठ्ठावीस. वर थोडं.