दुर्बीण, भाडे दोनशे

मंडळाची वही माझ्याकडे असते.
निळ्या पुठ्ठ्याची, दोनशेपानी,
पहिल्याच पानावर कुणाचं तरी हळदीचं बोट.
जमा डावीकडे, खर्च उजवीकडे,
मधली रेघ मी पट्टीनेच मारते.

यंदा बरंच काही झालं म्हणायचं.
श्रावणात मंगळागौर, फुगडीत पुष्पलता बागूलचा गुडघा
(रिक्षा, सिव्हिलपर्यंत : ऐंशी).
दिवाळीला चकलीची भाजणी, बावीस किलो.
संक्रांतीच्या वाणाला स्टीलची गाळणी,
त्यांच्या आकारावरून
दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

सहल तीनदा ठरली, तीनदा मोडली.
सोमेश्वर झालेलं. पांडवलेणीला पायऱ्या.
वाइनरीत जाऊ या, हेमांगी म्हणाली,
तेव्हा सगळ्या हसल्या.
तिघी हसल्या नाहीत.
त्यांनी विचारलं, किती वाजता निघायचं.

शेवटी नांदूर मध्यमेश्वर.
पक्ष्यांना कुणाच्या घरचं नाही म्हणत नाही.

त्रिमूर्ती चौकातून पहाटे साडेपाचला छोटी बस.
निफाडची थंडी, जी एरवी पेपरात वाचायची,
ती खिडकीच्या फटीतून आत येऊन बसली.
तिखटमिठाच्या पुऱ्या चांदोरीच्या आधीच संपल्या.

पाण्यापाशी एक गाईड मुलगा,
एक दुर्बीण तिवईवर, आणि आम्ही एकोणीस.
दोन दोन मिनिटं, मी जाहीर केलं,
घड्याळ मनगटावरून काढून हातात घेतलं.

नलू गायधनीला चमच्या दिसला,
ती त्याच्या चोचीबद्दल अजून सांगतेय.
जुलेखाला बदकं, खूप,
सगळी एकाच दिशेला तोंड करून, नमाजाला बसल्यासारखी, म्हणाली.
मग द्वारका बोरस्ते.

मुलानं तिला रोहित लावून दिले.
तिनं दुर्बीण जरा डावीकडे वळवली.
मावशी, पक्षी इकडंत.
दिसले, ती म्हणाली,
आणि अजून थोडी डावीकडे.

पलीकडच्या थडीला उसाचा पट्टा,
पाण्याची टाकी, चार-दोन घरं.
आम्हाला नुसत्या डोळ्यांनी एवढंच.

पत्रा नवा टाकलाय, ती म्हणाली. निळा.

कुणी काही विचारलं नाही.
मागच्या फेब्रुवारीत पापड लाटताना
ती एकदाच बोलली होती, लाटणं न थांबवता :
निफाडच्या कचेरीत हक्कसोडावर सही केली,
बाहेर आल्यावर भावानं उसाचा रस पाजला,
आलं घालून, बर्फ नको सांगून,
तिचा घसा धरतो हे त्याला ठाऊक होतं.
त्यानंतरच्या भाऊबीजेला फोन आला नाही.
अकरा भाऊबिजा.

दोन मिनिटं झाली. तीन.
मागून कुणीतरी खाकरलं.
घड्याळ माझ्या हातात, आणि तोंडातून शब्द निघेना.
माझी दोन तिला धरा, पुष्पलता म्हणाली,
मला कुठं दिसतंय, मोतीबिंदू पिकलाय.
मग इंदूची दोन.
मग त्या गाळणीवाल्या दोघींची,
एकीची ऐकून दुसरीची, चार.
हेमांगी म्हणाली, मी मोबाईलवर बघेन.
नलू म्हणाली, माझी झालीत, नाहीतर दिली असती,
आणि ते खरं असावं.

मी आयुष्यात कुणाची उधारी लिहिलेली नाही.
माझी दोन मिनिटं
मी न बोलता तिच्या नावे टाकली.

तिनं मान वर केली तेव्हा
डोळ्यांभोवती दुर्बिणीच्या कडांचे दोन गोल उमटलेले.
पदरानं काच पुसून तिनं मुलाला दिली.
चिंच ठेवलीये त्यांनी, ती म्हणाली.
मला वाटलं तोडली असेल.

एवढ्यात सगळा थवा उठला, बिनदुर्बिणीचा,
आणि आम्ही एकोणीसजणी
माना वर करून नुसत्या अगं अगं करत राहिलो.

रात्री वही उघडली.
बस : साडेचार हजार. पुऱ्यांचं तेल ज्याचं त्याचं.
दुर्बीण, भाडे : दोनशे.
चांदोरीला चहा : वीस कप.
हिशेब तपासणारी विचारेल, बायका एकोणीस, चहा वीस कसे.
द्वारकानं दोन घेतले.
दुसरा आलं घालून.