एस्टीमचं हेड

कामठी रोडच्या भंगारात मिळालं,
साडेचार हजारांत, एस्टीमचं हेड.
गाडी ट्रकखाली गेलेली.
कोणाची, ते मी विचारलं नाही.
भंगारवाला फक्त वजन बोलला.

पिस्टन जुनेच, रिंगा नव्या.
कॅम बावणकरनं घासून दिला हिंगण्यात,
सेकंड शिफ्ट सुटल्यावर, मालकाच्या नकळत.
मजुरीचं विचारलं तर म्हणाला,
"पयल्या चकरीला मले बसव बे."

मे महिना. पान्याला हात लावला की चटका.
कूलर अंगणात ओढला, माझ्यासाठी नाही,
मापं घेताना लोखंड फुगू नये म्हणून.

पोर्ट घासायला अकरा रात्री गेल्या.
हवा जिथून जाणार तिथं बोट फिरवत राहिलो,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं.
खडबड लागली की पुन्हा पॉलिश पेपर.
टर्बो कोणाला परवडतो.
आपल्याजवळ बोट आहे.

हेड गॅस्केट तेवढं कंपनीचं.
तिथं हात आखडला
तर इंजिन व्याजासकट वसूल करतं.

पहाटे चारला चावी फिरवली.
एकदा खोकलं.
दुसऱ्यांदा धरलं,
मग अडखळत, लंगडत, धापा टाकत चालत राहिलं.
मोठ्या कॅमचं असतंच तसं,
काटा चार हजारांवर चढेपर्यंत
त्याला धड बोलता येत नाही.

उमरेडकर काकू गॅलरीत आल्या.
"काऊन रे, अजून बिघडलेलीच हाये काय?"

बावणकर आधीच आत बसलेला,
बेल्ट नव्हता, दरवाजा घट्ट धरून.

"हो काकू," म्हटलं,
आणि पहिला गिअर टाकला.